अगामेम्नॉनच्या घरात कोण कोणाचा कोण, आणि त्यातलं खरं कुठलं

प्रश्न थोडक्यात असा होता: ट्रॉयच्या युद्धावरचा एक पिक्चर बघून ग्रीक पुराणकथा वाचायला घेतल्या, पण एका ठिकाणी इफिजेनियाला बापाने, म्हणजे ग्रीक सैन्याचा म्होरक्या अगामेम्नॉनने, बळी दिलं असं आहे, दुसरीकडे ती वाचली म्हणतात, तिसरीकडे ती मुळात नाहीच. अगामेम्नॉनचं राज्य कुठे मायसेनी, कुठे अर्गोस, कुठे चक्क स्पार्टा. आणि पोटच्या पोरीला मारणारा माणूस 'हिरो' कसा? यातलं खरं व्हर्जन कुठलं, आणि सुरुवात कुठून करायची?

मी गेली बावीस-तेवीस वर्षं ग्रीक महाकाव्यं आणि नाटकं शिकवतेय, आणि हा प्रश्न मला दर जूनमध्ये कोणीतरी विचारतंच. तर आधी माझाच घोळ सांगते. शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी मी उत्साहाने ब्राऊन पेपरवर या घराण्याची वंशावळ काढून वर्गात लावली, वर टँटॅलस, खाली पेलॉप्स, मग अॅट्रियस, मग अगामेम्नॉन, सगळं स्केचपेनने, चौकटी वगैरे आखून. तिसऱ्या की चौथ्या लेक्चरला ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या महाकाव्याचा, इलियडचा, नववा सर्ग वाचत होतो, अगामेम्नॉन रुसलेल्या अकिलीसला निरोप पाठवतो की घरी माझ्या तीन मुली आहेत, क्रिसोथेमिस, लाओडिसी आणि इफियानासा, हवी ती घेऊन जा, वर सात गावं देतो. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, मॅडम, तुमच्या कागदावर इलेक्ट्रा आणि इफिजेनिया आहेत, त्या या यादीत कुठायत? मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन तो कागद गुंडाळून माळ्यावर टाकला.

कारण माझं गृहीतकच चुकलं होतं. वंशावळ एक आहे आणि कवी लोक तिच्यात अधूनमधून चुका करतात असं मला वाटत होतं. प्रकार नेमका उलटा आहे. ग्रीकांकडे या कथांचा एकच अधिकृत ग्रंथ असा कधी नव्हताच, प्रत्येक गाव, प्रत्येक देऊळ, प्रत्येक कवी आपापलं नातं जोडत होता, आणि हिरोचं नातं जोडणं म्हणजे बऱ्याचदा जमिनीवर, राज्यावर किंवा सैन्याच्या पुढारपणावर हक्क सांगणं होतं. म्हणून खरं व्हर्जन कुठलं हे विचारून फार हाती लागत नाही. हे कोण, कुठे उभं राहून सांगतंय हे विचारलं की सगळं सुतासारखं सरळ होतं. बरं, सरळ नाही, पण निदान गाठ कुठे आहे ते दिसतं.

आता 'हिरो' शब्दाचं बघू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. आपल्याला हिरो म्हटलं की चांगला, शेवटी जिंकणारा माणूस डोळ्यासमोर येतो. होमरमध्ये हा शब्द साधारण 'वीर', 'सरदार' असा येतो, आणि प्रत्यक्ष ग्रीक गावात हीरोस म्हणजे मेलेला, पण मेल्यावरही ज्याची ताकद गेलेली नाही असा माणूस, ज्याचं थडगं गावात आहे आणि ज्याला नैवेद्य लागतो. ऑलिंपियात झ्यूसच्या देवळाशेजारीच पेलॉप्सचं आवार होतं, तिथे दरवर्षी काळा मेंढा खड्ड्याशी कापायचे. याचा चांगुलपणाशी काही संबंध नाही. नीट ठेवलं तर तो गावाच्या पाठीशी उभा राहतो, दुखावला तर पीक आणि माणसं दोन्हीवर उठतो. तेव्हा अगामेम्नॉन हिरो कसा हा प्रश्न ग्रीक माणसाला पडलाच नसता. तो मोठा होता, भयंकर मेला, आणि त्याचं थडगं आमच्याकडे आहे. संपलं.

आणि असा हिरो कधी एकटा येत नाही, सगळं खानदान घेऊन येतो. होमर त्यांना सारखं बापाच्या नावाने हाक मारतो, अगामेम्नॉनला 'अॅट्रेइडीस' म्हणजे अॅट्रियसचा, अकिलीसला 'पेलेइडीस' म्हणजे पेलियसचा, आपल्याकडे दाशरथी, वासुदेव म्हणतात अगदी तसंच. हे पाल्हाळ नाही. इलियडच्या सहाव्या सर्गात भर रणांगणात ग्रीकांचा डायोमिडीस समोरच्या माणसाला विचारतो, तू कोण बाबा? समोरचा, ट्रॉयच्या बाजूने लढणारा ग्लॉकस, म्हणतो, पानांसारख्या पिढ्या असतात, गळतात नि नव्या फुटतात, कशाला विचारतोस, आणि असं म्हणून सिसिफसपासून बेलेरोफॉनपर्यंत अख्खी वंशावळ ऐकवतो. ते ऐकून डायोमिडीस भाला जमिनीत रोवतो आणि खूश होऊन म्हणतो, अरे, माझ्या आजोबांनी तुझ्या आजोबांना वीस दिवस घरी ठेवून घेतलं होतं, आमच्याकडून जांभळा पट्टा दिला होता, तुमच्याकडून सोन्याचा दोन कानांचा पेला आला होता, तो अजून घरी आहे. झालं, दोघं लढायचं सोडून एकमेकांना चिलखतं देतात, ग्लॉकस सोन्याचं देतो, डायोमिडीस काशाचं, म्हणजे शंभर बैलांचं देऊन नऊ बैलांचं घेतलं, झ्यूसने याची अक्कलच काढून घेतली असं होमर वर बोलून घेतो. माझ्या मते या घराण्यांच्या वाचनाची सुरुवात इथून करावी. जीव वाचतोय तो ढालीमुळे नव्हे, आजोबांनी केलेल्या पाहुणचारामुळे.

तर आता तुमचं घर. पिक्चरमध्ये दाखवत नाहीत तो मागचा भाग आधी, तोही भरभर, कारण हा सगळीकडे मिळतो. टँटॅलस झ्यूसचा मुलगा, लिडियातल्या सिपिलस डोंगराजवळचा, देवांच्या पंगतीला बसणारा. त्याने देवांची परीक्षा घ्यायला स्वतःच्या मुलाला, पेलॉप्सला, कापून शिजवून वाढलं. डिमीटर देवी हरवलेल्या पोरीच्या दुःखात होती, तिने नकळत खांद्याचा घास घेतला, बाकीच्यांना कळलं, पोराला परत जोडलं आणि खांद्याच्या जागी हस्तिदंत बसवला. हाच पेलॉप्स पुढे ग्रीसमध्ये आला. पीसाचा राजा ओइनोमाओस मुलगी देण्याआधी रथाची शर्यत लावायचा आणि हरलेल्याला मारायचा, त्याच्या सारथ्याला पेलॉप्सने फितवलं, एका व्हर्जनमध्ये सारथ्याने चाकाच्या खिळीच्या जागी मेणाची खिळी घातली, राजा मेला, आणि मग काम झाल्यावर पेलॉप्सने त्या सारथ्यालाच समुद्रात ढकलून दिलं. बुडताना त्याने शाप दिला. पेलोपोनीज, म्हणजे पेलॉप्सचं बेट, हे नाव याच्यावरून.

इथे थांबा, कारण इथेच पहिली गंमत आहे. इ.स.पू. ४७६ मध्ये सिराक्यूजच्या हायरॉनचा घोडा ऑलिंपियात जिंकला आणि त्याच्यासाठी पिंडारने गीत लिहिलं. आता ऑलिंपिया म्हणजे पेलॉप्सचं आवार, तिथल्या विजयाच्या गीतात 'तिथल्या हिरोला बापाने शिजवलं होतं' असं कसं गाणार? पिंडार सरळ म्हणतो की मी जुन्या लोकांच्या उलट सांगणार, देवांना पोटपूजेची इतकी हाव होती असं मी म्हणणार नाही. त्याच्या मते पोसायडनला पेलॉप्स आवडला म्हणून त्याने त्याला उचलून ऑलिंपसवर नेलं, पोरगा घरात दिसेना म्हणून जळकुट्या शेजाऱ्यांनी कापून खाल्ल्याची कंडी पिकवली. सारथ्याची फितुरीही गायब, शर्यत पोसायडनने दिलेल्या पंखांच्या घोड्यांनी जिंकली. कवी डोळ्यादेखत वंशावळ धुऊन काढतोय आणि तसं करतोय हे लपवतही नाहीये. मला हे गीत त्यासाठीच आवडतं.

पुढची पिढी म्हणजे शुद्ध भाऊबंदकी, याला दुसरा शब्द नाही. पेलॉप्सची मुलं अॅट्रियस आणि थायस्टीस. थायस्टीसने भावजयीला, एरोपीला, फितवून सोन्याचा मेंढा पळवला आणि त्याच्या जोरावर गादी मागितली, अॅट्रियसने समेटाचं निमित्त करून त्याला जेवायला बोलावलं आणि त्याच्याच मुलांचं मांस वाढलं. थायस्टीसला स्वतःच्या मुलीपासून एजिस्थस झाला, तोच पुढे अगामेम्नॉनच्या बायकोचा साथीदार. म्हणजे एजिस्थस हा कुठून तरी उपटलेला व्हिलन नाही, तो चुलतभाऊ आहे आणि हिशेब चुकता करायला आलाय. हे नातं लक्षात ठेवलं नाही तर नाटकाचा शेवट पोकळ वाटतो.

आणि आता होमर काय म्हणतो बघा. इलियडच्या दुसऱ्या सर्गात अगामेम्नॉन सभेत राजदंड घेऊन उभा राहतो आणि होमर त्या दंडाचा सातबाराच वाचून दाखवतो: हिफीस्टसने घडवला, झ्यूसला दिला, झ्यूसने हर्मीसला, त्याने पेलॉप्सला, पेलॉप्सने अॅट्रियसला, अॅट्रियसने मरताना थायस्टीसला, आणि थायस्टीसने अगामेम्नॉनला. बस्स. मेंढा नाही, मेजवानी नाही, जणू भावाने भावाला सामंजस्याने दिला आणि काकाने पुतण्याला. होमरला बाकीचं माहीत नव्हतं की माहीत असून गिळलं यावर विद्वान भांडतात, माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, कारण त्या प्रसंगी अगामेम्नॉनला सगळ्या सैन्यापुढे वैध राजा म्हणून उभं करायचंय, तिथे घरातली लक्तरं कोण काढेल. जाता जाता, हा दंड आमच्याकडेच आहे असं बोयोशियातल्या कायरोनियाचे लोक सांगत. पॉसेनियस नावाच्या प्रवाशाने इ.स. दुसऱ्या शतकात लिहून ठेवलंय की त्या दंडाला देऊळ नव्हतं, वर्षभर ज्याच्याकडे पुजारीपण त्याच्या घरी तो राहायचा, आणि रोज त्याच्यापुढे मांस आणि पोळ्यांनी भरलेलं टेबल मांडायचे.

आता तुमचा राज्याचा प्रश्न, मायसेनी की अर्गोस की स्पार्टा. यात हर्क्युलस आणावा लागतो, सॉरी, पण त्याच्याशिवाय जमत नाही. मायसेनी मुळात पर्सियसच्या वंशाचं. हर्क्युलस आई आणि आईचा नवरा दोन्हीकडून पर्सियसचा पणतू, बाप झ्यूस. झ्यूसने बढाई मारली की आज माझ्या रक्ताचा जो जन्मेल तो आजूबाजूच्या सगळ्यांवर राज्य करेल, हेराने त्याच्याकडून शपथ घेतली, हर्क्युलसच्या आईच्या कळा रोखून धरल्या आणि तिच्या चुलत्याच्या बायकोचं सातव्या महिन्यातलं पोर आधी बाहेर काढलं, तो युरिस्थियस. म्हणून सगळ्यात दांडगा माणूस एका सातमाशाच्या हुकमाखाली राबला. (ही गोष्ट इलियडच्या एकोणिसाव्या सर्गात स्वतः अगामेम्नॉन सांगतो, अकिलीसशी केलेल्या चुकीची सबब म्हणून, की बघा, झ्यूसचंसुद्धा डोकं फिरतं तिथे माझं काय.) तर या युरिस्थियसची आई पेलॉप्सची मुलगी, म्हणजे अॅट्रियस त्याचा मामा. थ्युसिडिडीस, जो अगदी कोरडा इतिहासकार, तो हे सरळ राजकारण म्हणून सांगतो: युरिस्थियस हर्क्युलसच्या मुलांवर चालून गेला, जाताना राज्य मामाच्या हवाली केलं, तिकडेच मेला, आणि लोकांना आधीच खूश करून ठेवलेल्या मामाने गादी बळकावली. मामाच्या हाती चावी दिली की काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

पुढच्या काही पिढ्यांनी हर्क्युलसचे वंशज 'आमचं आम्हाला परत द्या' म्हणत पेलोपोनीजमध्ये उतरले अशी कथा आहे, आणि स्पार्टाचे दोन्ही राजवंश स्वतःला या वंशजांमधले म्हणवायचे. मॅसिडोनियाच्या राजांनीही हेच केलं. पहिला अलेक्झांडर, म्हणजे प्रसिद्ध अलेक्झांडरच्या कितीतरी आधीचा, ऑलिंपियात धावायला आला तेव्हा बाकीचे म्हणाले हा ग्रीकच नाही, तर त्याने आपण अर्गोसच्या हर्क्युलसवंशी घराण्यातले असल्याचं पटवलं आणि धावला. वंशावळ म्हणजे जातीचा दाखला झाली ना.

स्पार्टाची अडचण अशी की राजे हर्क्युलसवंशी, पण सगळ्या पेलोपोनीजचं पुढारपण पाहिजे तर अगामेम्नॉनच्या घराशीही नातं पाहिजे. मग स्टेसिकोरस, पिंडार यांच्यासारख्या कवींकडे अगामेम्नॉन स्पार्टाच्या मुलखात राहायला येतो. आणि इतिहासकार हिरोडोटस याचा जो किस्सा सांगतो तो वर्गात मी कधीच सोडत नाही. इ.स.पू. सहाव्या शतकात स्पार्टा टेगिया गावाशी सारखी हरत होती. डेल्फीच्या देवाने सांगितलं, अगामेम्नॉनच्या मुलाची, ऑरेस्टीसची, हाडं घरी आणा. कुठे आहेत? तर जिथे दोन वारे जोराने वाहतात, घावावर घाव बसतो आणि दुखण्यावर दुखणं पडतं तिथे. कोणाला काही कळेना. लिखास नावाचा एक स्पार्टन टेगियात एका लोहाराच्या भट्टीवर लोखंड ठोकताना बघत उभा होता, तर लोहार म्हणाला, यात काय बघताय, मी अंगणात विहीर खणताना सात हात लांब शवपेटी सापडली, उघडून मापलं तर आतला माणूसही तेवढाच, परत पुरून टाकला. लिखासच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: दोन भाते म्हणजे दोन वारे, हातोडा-ऐरण म्हणजे घावावर घाव, आणि लोखंड म्हणजे माणसाचं दुखणं. त्याने ते अंगण कसंबसं भाड्याने मिळवलं, थडगं उकरलं, हाडं गोळा केली आणि पळवली. हिरोडोटस म्हणतो, त्यानंतर स्पार्टा दर लढाईत वरचढ ठरली. हिरोचं घराणं एका लोहाराच्या अंगणातून गाठोड्यात बांधून नेता येतं, तर कवितेत त्याचा पत्ता बदलायला किती वेळ लागणार?

अथेन्सचंही तसंच. एस्किलसने इ.स.पू. ४५८ मध्ये ऑरेस्टियाची तीन नाटकं केली (ट्रॉयहून परतलेल्या अगामेम्नॉनला बायको क्लायटेम्नेस्ट्रा मारते, मुलगा ऑरेस्टीस सूड म्हणून आईला मारतो, आणि मग त्याच्यावर खटला चालतो) आणि त्यात अगामेम्नॉनला मायसेनीत न ठेवता अर्गोसमध्ये ठेवलं. का, तर थोड्याच वर्षांपूर्वी अथेन्सने स्पार्टाशी फाटल्यावर अर्गोसशी तह केला होता. तिसऱ्या नाटकात ऑरेस्टीस निर्दोष सुटल्यावर उठून काय म्हणतो, तर अर्गोस कधीही अथेन्सवर शस्त्र उचलणार नाही. प्रेक्षकांत बसलेल्यांना ते पुराण वाटलं नसणार, परवाची बातमी वाटली असणार. खटलाही अॅरिओपॅगसच्या टेकडीवर, आणि त्या कोर्टाचे बाकीचे अधिकार ४६२-४६१ च्या सुमारास काढून घेऊन मुख्यतः खुनाचे खटले ठेवले होते. म्हणजे एस्किलस सांगतोय की हे कोर्ट पहिल्यापासून यासाठीच आहे.

त्या खटल्यातला नात्यांचा युक्तिवाद मात्र अजूनही ऐकताना अंगावर येतो. सूडदेवता आईच्या खुनासाठी ऑरेस्टीसच्या मागे लागल्यात. तो विचारतो, तिने नवऱ्याला मारलं तेव्हा का नाही आलात? त्या म्हणतात, तो तिच्या रक्ताचा नव्हता. म्हणजे नवरा हे नातं नाही, आई हे नातं आहे. मग अपोलो उठून म्हणतो, आई ही जन्मदाती नव्हेच, ती फक्त पेरलेलं बीज सांभाळते, जन्म देतो तो बाप, पुरावा म्हणून ही बघा अथीना, आईशिवाय झालेली. मतं समसमान पडतात आणि अथीनाच्या मतावर पोरगा सुटतो. मुली दरवर्षी इथे चिडतात, आणि चिडावंच, पण मी त्यांना सांगते की एस्किलसने तोच युक्तिवाद पहिल्या नाटकानंतर ऐकवलाय, जिथे आपण ती पोर, इफिजेनिया, मरताना पाहिलेली असते.

ते दृश्य म्हणजे, खरं तर म्हाताऱ्यांचा कोरस आठवून सांगतो, रंगमंचावर दिसत नाही. ऑलिसच्या बंदरात उलटा वारा थांबत नाही, ट्रॉयला निघालेली जहाजं कुजतायत, तो थांबावा म्हणून बाप सेवकांना खूण करतो की हिला बकरीसारखी वेदीवर उचलून धरा, आणि तोंड आवळून बांधा, म्हणजे घराला शाप देणार नाही. तिचं केशरी वस्त्र जमिनीवर ओघळतं आणि ती मारणाऱ्या एकेकाकडे नजर टाकते, चित्रातल्यासारखी, बोलायचंय पण बोलता येत नाही, आणि कोरसला आठवतं की हीच पोरगी बापाच्या बैठकीत पाहुण्यांसमोर गायची. ती बैठकीतली माणसं आणि ही वेदीभोवतीची माणसं बऱ्याच अंशी तीच. त्यानंतर कोरस म्हणतो, पुढचं मी पाहिलं नाही, सांगतही नाही. एवढं झाल्यावर क्लायटेम्नेस्ट्राला नुसती कुलटा म्हणणं जड जातं. एस्किलसनंतरचा नाटककार युरिपिडीस तर आणखी एक पाचर मारतो, त्याच्याकडे ती नवऱ्याला सुनावते की माझा आधीचा नवरा टँटॅलस (हा वेगळा, पणजोबांचं नाव पणतवाला ठेवलंय) तू मारलास आणि माझ्या छातीवरचं तान्हं ओढून आपटलंस.

उलट होमरच्या दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीत, इफिजेनियाचं नावच नाही, आणि त्याला कारण आहे. तिथे ऑरेस्टीसची गोष्ट पुन्हापुन्हा ओडिसियसच्या मुलाला, टेलेमाकसला, ऐकवतात, की बघ, बापाच्या मारेकऱ्याला त्याने कसं मारलं, तूही असा हो. आता त्यात 'बापाने बहिणीला मारलं होतं' आणि 'मुलाने आईला भोसकलं' हे आलं की उपदेश कोसळला. म्हणून पोरगी नाही, आणि आईचा खून होमर एका ओळीत पुरतो: ऑरेस्टीसने एजिस्थसला मारलं आणि त्याच्याबरोबर तिरस्करणीय आईचंही मर्तिकाचं जेवण घातलं. ती मेली कशी, विचारू नका.

आता सुरुवात कुठून. मी सांगेन की इलियडचे सहावा आणि नववा हे दोनच सर्ग, मग ऑरेस्टिया पूर्ण, सलग, तीन दिवसांत, मग युरिपिडीसच्या दोन्ही इफिजेनिया. अपोलोडोरसच्या नावावर चालणारं कथासंग्रहाचं बाड हाताशी ठेवा, पण पहिलं वाचू नका, ते फार नंतर, रोमन काळात सगळं इस्त्री करून घडी घातलेलं आहे आणि त्यामुळेच नवख्याला ते 'खरं' वाटतं. अकिलीसची टाचही तशीच, होमरमध्ये ती नाहीच. आणि वंशावळ काढाच, पण कागदावर प्रत्येक कवीला वेगळा रंग द्या, नातं जिथे बदलतं तिथे खोडू नका, दुसऱ्या रंगाने बाजूला लिहा. मायसेनीला गेलात तर 'अॅट्रियसचा खजिना' म्हणून दाखवतात ती घुमटाची कबर जरूर बघा, आणि अथेन्सच्या म्युझियममधला 'अगामेम्नॉनचा मुखवटा'सुद्धा, फक्त लक्षात ठेवा की १८७६ मध्ये श्लीमनला सापडलेला तो सोन्याचा मुखवटा ग्रीकांनी स्वतः ठरवलेल्या ट्रॉयच्या तारखेपेक्षा तीनेकशे वर्षांनी जुना आहे. दुसऱ्याच कोणाचं तरी तोंड आहे ते.

आणि इफिजेनिया मेली की वाचली? एस्किलसमध्ये मेली. जुन्या किप्रिया महाकाव्यात आर्टेमिसने ऐनवेळी हरिणी ठेवून तिला टौरियन लोकांच्या देशात नेलं, युरिपिडीसने तेच उचललं आणि शेवटी तिला अॅटिकातल्या ब्राउरॉनला आणून पुजारीण केलं. त्या नाटकात अथीना तिला सांगते की तू तिथेच मरशील, तिथेच पुरली जाशील, आणि बाळंतपणात दगावलेल्या बायका मागे जे कपडे ठेवून जातील ते तुला वाहतील. आणि ब्राउरॉनपासून दोन-तीन दिवसांच्या चालीवर मेगाराचे लोक होते, ते पॉसेनियसला गावातली समाधी दाखवून सांगत होते की कुठे तिकडे, ती आमच्याकडे मेली.